शेवंतीचें मोल

गेल्या अंकांत आम्हीं परसांतील शेवंतीविषयीं लिहिण्याचें वाचकांस वचन दिलें होतें. तें आज पाळावयाचें आहे. परंतु लेखणी शेवंतीपाशींच थांबेल, असें दिसत नाहीं.

शेवंतीचा स्वभाव सावध आहे. दिवस मोठे असतांना ती केवळ पानें वाढविते. रात्री लांबूं लागल्या, कीं कळ्या धरते. तिला घाई खपत नाहीं. बुडाशीं फुटलेले कोंब मुळांसकट काढून लावावे, शेंडे एकदां खुडावे, मुळांशीं पाणी सांचूं देऊं नये. मग कार्तिकांत वाफा पिंवळा होतो.

यंदा श्रावणांत घुशीनें वाफा पोखरला. रोज दोन रोपें माना टाकीत. आमची मनी मांजर तुळशीवृंदावनाच्या सावलींत बसून तें पाहत असे. घूस तिच्याहून दांडगी, म्हणून तिच्या वाटेस ती जात नसे. नऊ वर्षें मनी आमच्या मागोमाग परसांत फिरली. नुकत्याच सारविलेल्या मातींत पाय उमटवून ती आमच्याकडे अशी पाही, कीं जणूं चूक आमचीच.

एका स्नेह्यांच्या सल्ल्यानें आम्हीं बिळाशीं विषाच्या गोळ्या ठेविल्या. मांजर गोळी खाणार नाहीं, हा तर्क खरा ठरला. परंतु गोळी खाल्लेला उंदीर मांजर खाईल, हें मुलांस जन्मभर कार्यकारणभाव समजावून सांगणाऱ्या आमच्या ध्यानांत आलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं मनी वृंदावनाशीं निपचित पडली. गुरांच्या दवाखान्यांत नेली. पण वेळ गेली होती. घरांतून एवढेच शब्द ऐकूं आले, "फुलें बाजारांत मिळालीं असतीं हो."

भागवताच्या पांचव्या स्कंधांत भरतराजाची कथा आहे. नदींत पडलेलें पाडस त्यानें वांचविलें, त्याच्या मायेंत तो गुंतला, आणि पुढील जन्मीं मृग झाला. ती कथा सांगून कित्येकांनीं आम्हांस "मोह आवरा" म्हटलें. परंतु शाकुंतलाच्या चौथ्या अंकांत, सासरीं निघालेल्या शकुंतलेचें वस्त्र तिनें वाढविलेलें पाडस ओढतें, तेव्हां कण्व तिला मोहाचा दोष देत नाहींत. भरताचा दोष प्रेमाचा नव्हे, त्यापायीं नित्यकर्म सोडल्याचा, असें आम्हांस वाटतें. आणि आमचा दोष मनीवरील मोहाचा नाहीं. शेवंतीवरील मोहाचा आहे.

घुशीसाठीं आतां सांपळा लावला आहे. ज्यांचे घरीं मांजर किंवा कुत्रें असेल, त्यांनींही विष आणूं नये, एवढी विनंती.

मनीला प्राजक्ताखालीं पुरलें. शेवंती यंदा नेहमींपेक्षां भरघोस फुलली. पहिली ओंजळ देवघरांत न्यावयाची, असा घरचा नेम आहे. या वर्षीं घरांतून निम्मीं फुलें न बोलतां वेगळीं काढून आमच्या हातीं देण्यांत आलीं. तीं कोठें ठेवावयाचीं, हें आम्हांस विचारावें लागलें नाहीं.