कंपनीला पत्र, प्राध्यापकाला बेड्या

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संगणक यंत्रणेची देखभाल चीनमध्ये बसलेले अभियंते करीत होते, ही बातमी २०२५ च्या जुलै महिन्यात प्रोपब्लिका या अमेरिकन वृत्तसंस्थेने उघडकीस आणली. कंत्राट मायक्रोसॉफ्टचे होते. चीनमधील अभियंत्याने काय करायचे ते सांगायचे आणि अमेरिकेत बसलेल्या, सुरक्षा परवाना असलेल्या माणसाने त्या आज्ञा यंत्रणेत भरायच्या, अशी ही पद्धत. या माणसांना 'डिजिटल एस्कॉर्ट', म्हणजे सोबतीचे पहारेकरी म्हणत. आपण नेमके काय भरतो आहोत हे कळण्याइतके तांत्रिक ज्ञान त्यांच्यापैकी अनेकांकडे नव्हते. चोराची झडती घ्यायला उभा केलेला पहारेकरी आंधळा असावा, तसा हा प्रकार जवळजवळ दहा वर्षे चालला.

बोभाटा झाल्यावर कंपनीने ही पद्धत बंद केल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी कंपनीला चिंता व्यक्त करणारे अधिकृत पत्र पाठविले आणि त्रयस्थाकडून तपासणीचा आदेश दिला. जगातील सर्वांत बलाढ्य लष्कराच्या यंत्रणेचा प्रश्न, आणि कंपनीच्या हाती पडले काय? एक पत्र!

आता दुसरे प्रकरण पाहा. टेनेसी विद्यापीठातील प्राध्यापक अनमिंग हू यांना २०२० च्या फेब्रुवारीत अटक झाली. बीजिंगमधील एका विद्यापीठाशी असलेला संबंध लपवून त्यांनी नासाचा संशोधन निधी घेतला, असा आरोप होता. त्यांची नोकरी गेली. वर्षाहून अधिक काळ ते नजरकैदेत राहिले. २०२१ च्या जूनमध्ये ज्युरीचे एकमत झाले नाही आणि सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी त्यांना सर्व आरोपांतून मुक्त केले. एमआयटीचे प्राध्यापक गँग चेन हे तर अमेरिकेचे नागरिक. त्यांना २०२१ च्या जानेवारीत अटक झाली आणि बरोबर वर्षभराने सरकारनेच खटला मागे घेतला. जी माहिती लपविल्याचा आरोप होता, ती देणे बंधनकारकच नव्हते असे निष्पन्न झाले. या दोघांवर हेरगिरीचा आरोप कधीच नव्हता, तरी देशात त्यांची चर्चा हेर म्हणूनच झाली.

कंपनीला पत्र आणि प्राध्यापकाला बेड्या! राष्ट्रीय सुरक्षा या शब्दाचा अर्थ माणसागणिक असा बदलत असेल, तर तो शब्द तपासून घेतला पाहिजे असे आम्हाला वाटते.

मूळ प्रश्न नवा नाही. मायक्रोसॉफ्टने बीजिंगमध्ये आपली संशोधन प्रयोगशाळा १९९८ साली उघडली. तेव्हा अमेरिकेत कोणाला देशाची सुरक्षा आठवली नाही. चीनची बाजारपेठ हवी होती आणि तिथले हुशार, कष्टाळू संशोधकही हवे होते. ही प्रयोगशाळा पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात जगात नावाजली. चित्रातील वस्तू संगणकाने ओळखण्याची जी पद्धत २०१५ साली तेथील चार संशोधकांनी मांडली, तिच्यावर आज जगभरातील असंख्य यंत्रणा उभ्या आहेत. त्या चौघांपैकी एक, सुन जियान, पुढे मेग्वी या चिनी कंपनीचे मुख्य शास्त्रज्ञ झाले. याच प्रयोगशाळेत काही वर्षे काम केलेले तांग शियाओऊ यांनी सेन्सटाइम ही कंपनी काढली. दोन्ही कंपन्या चेहरा ओळखणारी यंत्रणा तयार करतात.

या यंत्रणा कोणावर चालल्या? शिनजियांग प्रांतातील उइघुर मुसलमानांवर. रस्त्यात, बाजारात, मशिदीच्या दारात कॅमेरे लावून एका संपूर्ण समाजावर पाळत ठेवली गेली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने २८ चिनी संस्थांना काळ्या यादीत टाकले. त्यांत या दोन्ही कंपन्या होत्या आणि उइघुरांवरील दडपशाही हेच कारण दिले होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली होती. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी चिनी लष्कराच्या अखत्यारीतील राष्ट्रीय संरक्षण तंत्रज्ञान विद्यापीठाशी संबंधित संशोधकांबरोबर कृत्रिम बुद्धिमत्तेवर निबंध लिहिले होते, आणि त्यांतील एक चेहऱ्याच्या विश्लेषणासंबंधी होता.

येथे आमच्या वाचकांनी थोडे थांबून विचार करावा. ज्ञान देशाबाहेर गेले म्हणून ओरड झाली. पण ते ज्ञान ज्यांच्या छातीवर जाऊन बसले त्या उइघुरांचा कैवार घेऊन अमेरिकेत किती जण बोलले? अमेरिकेची सुरक्षा धोक्यात आली की नाही यावर पानेच्या पाने लिहिली गेली. ज्यांची सुरक्षा खरोखर हिरावली गेली ते मात्र तळटीपेत राहिले. आम्हाला हा अनुभव नवीन नाही. 'राष्ट्र' म्हणजे कोण, हे ठरविणाऱ्यांच्या बैठकीत तळातल्या माणसाला कधीच खुर्ची नसते.

गुगलचे प्रकरण तर याहून बोलके आहे. २०१७ च्या डिसेंबरात गुगलने बीजिंगमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे केंद्र जाहीर केले. त्याच सुमारास ही कंपनी 'प्रोजेक्ट मेव्हन'मध्ये अमेरिकन लष्करासाठी ड्रोनने टिपलेली चित्रे संगणकाकडून तपासून घेण्याचे काम करीत होती. आपल्या बुद्धीचा वापर युद्धासाठी नको, असे म्हणत कंपनीच्या हजारो कर्मचाऱ्यांनी निवेदनावर सह्या केल्या. २०१८ च्या जूनमध्ये कंपनीला ते कंत्राट पुढे न वाढविण्याचे ठरवावे लागले. त्यानंतर लगेच ठणाणा सुरू झाला. गुगल आपल्या सैन्याला नकार देते आणि चीनमध्ये दुकान मांडते! २०१९ च्या मार्चमध्ये सरसेनाध्यक्ष जनरल डनफर्ड यांनी सिनेटसमोर सांगितले की, गुगलच्या चीनमधील कामाचा अप्रत्यक्ष फायदा चिनी लष्कराला होतो. महिनाअखेर सुंदर पिचाई राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना भेटले. पिचाई यांची निष्ठा अमेरिकन लष्कराशीच आहे, असे ट्रम्प यांनी भेटीनंतर जाहीर केले. एका भेटीत निष्ठा सिद्ध झाली! गँग चेन यांना तीच गोष्ट सिद्ध करायला वकील, न्यायालय आणि आयुष्यातील एक वर्ष खर्ची घालावे लागले.

आम्ही चीनची वकिली करीत आहोत असा कोणी अर्थ काढू नये. चीनच्या २०१७ च्या गुप्तवार्ता कायद्याप्रमाणे तेथील प्रत्येक संस्थेने आणि नागरिकाने सरकारच्या गुप्तहेर यंत्रणेला मदत केली पाहिजे. अशा देशात प्रयोगशाळा चालविताना धोका असतोच आणि तो नाकारणे हा भाबडेपणा होईल. खोटी माहिती देणे हाही गुन्हाच आहे. हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स लीबर यांनी चिनी विद्यापीठाकडून पैसे घेऊन तपास अधिकाऱ्यांना खोटे सांगितले. २०२१ च्या डिसेंबरात ते दोषी ठरले. शिक्षा झाली ती अटकेतील दोन दिवसांची कैद, सहा महिने घरकैद आणि दंड. गुन्हा पुराव्याने सिद्ध झाला आणि शिक्षाही झाली. याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पुराव्याच्या जागी जन्म ठेवण्याबद्दल.

अमेरिकन न्यायखात्याने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये 'चायना इनिशिएटिव्ह' नावाची मोहीम काढली. गुन्ह्यावरून नाव पडते तर 'गुपितचोरीविरोधी मोहीम' झाले असते. नाव पडले एका देशावरून, आणि तपास शिरला चिनी वंशाच्या प्राध्यापकांच्या घरांत. २०२२ च्या फेब्रुवारीत ही मोहीम गुंडाळावी लागली. या मोहिमेमुळे पक्षपाताची भावना पसरली, हे न्यायखात्याला मान्य करावे लागले. त्याआधी १९९९ साली लॉस अलामोस प्रयोगशाळेतील वेन हो ली या शास्त्रज्ञावर ५९ आरोप ठेवून त्यांना नऊ महिने एकांतकोठडीत डांबले होते. त्यांचा जन्म तैवानचा, संशय मात्र चीनच्या हेरगिरीचा! शेवटी ५८ आरोप मागे घेतले गेले आणि न्यायाधीशांनी भर न्यायालयात त्यांची माफी मागितली.

जन्मावरून माणसाची लायकी ठरविणे आणि जन्मावरून त्याची निष्ठा ठरविणे, या एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत. हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि यातून देशाची सुरक्षा तरी होते काय? कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेच्या उभारणीत ज्यांचा हात होता, ते चियान शुएसेन कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून १९५० साली पकडले गेले. पाच वर्षे त्यांच्यावर पहारा ठेवून १९५५ साली त्यांना चीनला पाठविण्यात आले. त्यांनी तेथे जाऊन चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम उभा केला. ज्याला कम्युनिस्ट ठरवून हाकलले, त्याने हाकलल्यानंतर शत्रूची शस्त्रे बनविली. संशयाच्या राजकारणाने सुरक्षा वाढते असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास उशाशी ठेवावा.

आता कंपन्याही मागे सरत आहेत. २०२४ साली आयबीएमने चीनमधील संशोधन विभाग बंद केला आणि हजारावर कर्मचाऱ्यांवर गदा आली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने चीनमधील शेकडो कर्मचाऱ्यांना दुसऱ्या देशात जाण्याविषयी विचारले. प्रयोगशाळा उघडण्याचा निर्णय संचालकांचा, नफा भागधारकांचा आणि ती बंद झाल्यावर रस्त्यावर येणार तो पगारी माणूस. ही वाटणी कोणत्याही देशात गेली तरी बदलत नाही.

हे अमेरिका आणि चीनचे भांडण, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तसे नाही. ज्ञानाभोवती कुंपण घालण्याची सवय आपल्याकडेही आली आहे. २०२१ च्या जानेवारीत केंद्र सरकारने फतवा काढला की, देशाची सुरक्षा किंवा भारताच्या अंतर्गत बाबींशी संबंध येणाऱ्या आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषदांसाठी सरकारी विद्यापीठांनी आधी परवानगी घ्यावी. शास्त्रज्ञांच्या संस्थांनी विरोध केला, तेव्हा पुढच्याच महिन्यात तो मागे घेण्यात आला. शास्त्रज्ञांना आवाज होता, म्हणून हे घडले.

पण २०२२ च्या फेब्रुवारीत दुसरा घाव पडला, आणि तो आमच्या मुलांवर. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त आणि भूमिहीन मजुरांच्या मुलांना परदेशी शिक्षणासाठी जी राष्ट्रीय शिष्यवृत्ती मिळते, तिच्या नियमावलीतून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक संशोधनाचे विषय वगळण्यात आले. असे विषय देशातच शिकता येतात, ही सबब. श्रीमंताचा मुलगा स्वतःच्या पैशाने परदेशात जाऊन वाटेल तो विषय घेऊ शकतो. कुंपण फक्त त्याच्यासाठी, ज्याच्याजवळ शिष्यवृत्तीवाचून दुसरा मार्ग नाही.

बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ च्या मे महिन्यात तेथील एका चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीची उत्पत्ती कशी झाली, ती टिकते कशी, हे त्यांनी परदेशातील विद्वानांसमोर मांडले. आजचा नियम तेव्हा असता, तर त्या विषयासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली नसती. घरची गोष्ट बाहेर सांगितली, असाच आक्षेप घेतला गेला असता. ज्ञानाने सीमा ओलांडली, म्हणून तर आपल्या पायातील बेडी आपल्याला दिसली!

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. परदेशाशी संशोधनाचे संबंध ठेवणाऱ्या कंपन्यांवर जरूर नजर ठेवा. करार जाहीर करायला लावा. तयार होणारे यंत्र कोणावर चालणार, हे आधी विचारा, आणि उत्तर द्यायला निर्णय घेणाऱ्या संचालकाला उभे करा. संशोधकाचा गुन्हा असेल तर पुरावा आणा. आडनाव, जात, धर्म, जन्मगाव हा पुरावा होऊ शकत नाही. आणि सुरक्षेच्या नावाखाली गरिबाच्या पोराची वाट अडवू नका.

आज आमची मुले बंगळुरू-पुण्याच्या संगणक कंपन्यांत आहेत, परदेशी विद्यापीठांत आहेत. उद्या दोन सरकारांचे बिनसले की त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल, याचा विचार आजच करायला हवा. कंपनीला तेव्हाही पत्रच जाईल. बेड्या कोणाच्या हातात पडणार, हे ओळखून चळवळीने बोलले पाहिजे.