रिपोर्ट निगेटिव्ह, पण...

माझा एक मित्र आहे. आयटीतला, टापटीप, डेडलाइन कधीही न चुकवणारा. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तो एकच जोक मला अर्ध्या तासात दोनदा सांगायला लागला. डोकंही सारखं दुखायचं. 'वर्कलोड गं,' म्हणाला. मलाही पटलं. आपल्याकडे सगळ्या दुखण्यांचा गुन्हेगार एकच, ऑफिस!

मग डावा डोळा धूसर झाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतून सूज आहे म्हणून ड्रॉप्स दिले. महिना गेला, फरक शून्य. एक गोष्ट मात्र त्याने तिथे सांगितलीच नव्हती. तो एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. गोळ्या नियमित, व्हायरल लोड अनडिटेक्टेबल. 'डोळ्याचा आणि त्याचा काय संबंध?' म्हणे. खरं कारण वेगळंच. रिसेप्शनवरची ती नजर नको होती. मी शेजारीच बसले होते. सांगायचं की नाही हा हक्क त्याचाच, पण 'सांगून टाक रे' एवढं तरी म्हणू शकले असते. नाही म्हटलं.

संबंध जोडला तो एआरटी सेंटरच्या डॉक्टरांनी. डोकेदुखी, विसरभोळेपणा, डोळा... सगळं ऐकून त्यांनी आधी रक्ताची व्हीडीआरएल केली. पॉझिटिव्ह. सिफिलीस! जुन्या लोकांची 'गरमी'. मला वाटायचं, १९०५ मध्ये जंतू सापडला, पुढे पेनिसिलिन आलं, विषय संपला. कसला संपतोय! याचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही, आपोआप भरतो, त्यामुळे पत्ताच लागत नाही. आणि मेंदू, डोळे, कान यांत हा जंतू कोणत्याही टप्प्यावर शिरू शकतो. एचआयव्हीच्या गोळ्या त्याला अडवत नाहीत.

मेंदूपर्यंत पोचलाय का, हे बघायला पाठीतून पाणी काढलं. त्या पाण्यातली व्हीडीआरएल निगेटिव्ह! मी तिथल्या तिथे पार्टी मागितली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फंडा समजावला. पाण्यात रक्त मिसळलेलं नसेल आणि ही टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर निदान जवळजवळ पक्कं. पण निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही. खरे पेशंटही तिच्यातून निसटतात. मग त्याच पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या. एरवी पाचच्या वर गेल्या की गडबड. पण एचआयव्हीमुळेही त्या थोड्या वाढतात, म्हणून अशा पेशंटमध्ये २०च्या वर गेल्या तर संशयाला जोर येतो. याच्या होत्या ३८. एफटीए नावाची टेस्ट निगेटिव्ह असती, तर मेंदूतल्या सिफिलीसची शक्यता बरीच कमी झाली असती. तीही पॉझिटिव्ह. 'एका कागदावर निदान होत नाही,' डॉक्टर म्हणाले. 'लक्षणं, रक्त, पाणी, सगळं एकत्र वाचावं लागतं.'

उपचार साधा, पण चिकाटीचा. कमरेत देतात ते नेहमीचं इंजेक्शन मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही. म्हणून चौदा दिवस अॅडमिट, दर चार तासांनी शिरेतून पेनिसिलिन.

आता तो जोक एकदाच सांगतो, ही मोठीच प्रगती. डोळाही सुधारला, पण पूर्ण नाही. कडेला थोडं धुकं राहिलंय. ड्रॉप्समध्ये गेलेला तो महिना परत मिळणार नाही.

म्हणून सांगते. पॉझिटिव्ह असाल आणि दिसणं, ऐकू येणं, चालणं, आठवणं यांत अचानक काही बिघडलं, तर समोरच्या डॉक्टरला सगळं सांगा. निगेटिव्ह असाल तरी सिफिलीसची टेस्ट स्वतःहून मागायला लाजू नका. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणं हॉस्पिटलला बंधनकारक आहे आणि या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत. रिसेप्शनवरची नजर कायद्याने बदलत नाही, हे खरं. पण नजर तिची, डोळा तुमचा!

आणि शेजारी बसलेला मित्र असाल, तर माझ्यासारखे गप्प बसू नका.