आधी यादी खोडा, मग इटली बघा!

आमच्या रूमच्या भिंतीवर सध्या एक मोठी ड्रॉइंग शीट चिकटवलेली आहे. सबमिशनची नाही हो, इटलीच्या ट्रिपची! नोकरी लागली की पहिल्या वर्षाच्या पगारातून चौघांनी जायचं, असं सेकंड इयरला मेसमध्ये ठरलं होतं. फायनल इयरला ते कागदावर आलं. आमच्या सिव्हिलवाल्याने रीतसर बार चार्ट काढला. दहा दिवस, नऊ शहरं : मिलान, व्हेरोना, व्हेनिस, बोलोन्या, फ्लॉरेन्स, पिसा, सिएना, रोम आणि नेपल्स. त्यात एका रकान्यात लिहिलं होतं, 'पँथिऑन – २० मिनिटे'.

त्या वीस मिनिटांनी माझं डोकं फिरलं. पण त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, आमच्यातला चौथा गडी शीटकडे बघून, मोबाईलवर काहीतरी आकडेमोड करून हळूच म्हणाला, "तुम्ही तिघं जाऊन या रे." त्याच्या डोक्यावर एज्युकेशन लोन आहे. नऊ शहरं म्हणजे नऊ ठिकाणी राहणं आणि आठ वेळा ट्रेन. यादी लांबली आणि एक मित्र गळाला!

माझं स्पष्ट मत असं, की ही पद्धतच चुकीची आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री नाइट मारून सहाही युनिट 'उरकतो', तशी ही ट्रिप. पेपर सुटेल, पण डोक्यात काय राहील?

म्हणून मी रूममध्ये एक नियम मांडला. प्रत्येक शहराची व्हायवा! ज्याने नाव सुचवलं त्याने पाच मिनिटं सांगायचं, की तिथे नक्की काय बघायचं आणि का. सांगता आलं नाही, तर शहर ड्रॉप.

पहिला नापास मीच झालो. व्हेनिस माझं होतं आणि "पाणी... बोटी..." यापुढे माझी गाडी सरकेना. मिलानवाल्याने मात्र तयारी केली होती. लिओनार्दोचं 'द लास्ट सपर' ओल्या गिलाव्यावर नाही तर कोरड्या भिंतीवर काढलेलं, म्हणून लवकरच खराब व्हायला लागलं. त्याची शेवटची मोठी दुरुस्ती १९९९ मध्ये संपली. पण आत मिळतात फक्त १५ मिनिटं, तीही आधी बुकिंग करून, आणि त्यासाठी उत्तरेला वेगळी चक्कर. मिलान पास झालं, पण बजेटमध्ये बसलं नाही.

नेपल्सची व्हायवा मात्र ऐकण्यासारखी झाली. आपल्याकडे बांधकामावर सिमेंटच्या गोणीवर 'पीपीसी' लिहिलेलं असतं ना? पोर्टलँड पॉझोलाना सिमेंट. हा 'पॉझोलाना' शब्द आला नेपल्सजवळच्या पोत्झुओली या गावावरून. तिथली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून रोमन लोक काँक्रीट करायचे. त्याच परिसरातल्या व्हेसुव्हियसने इ.स. ७९ मध्ये पॉम्पेई गाडून टाकलं. तिथे आजही रस्त्यात बैलगाड्यांच्या चाकोऱ्या दिसतात, पाय न भिजवता रस्ता ओलांडायला ठेवलेले उंच दगड दिसतात, शिशाचे पाइप दिसतात. शहराचा जवळजवळ एक तृतीयांश भाग तर अजून खणलेलाच नाही.

इथून पुढे रोम. पँथिऑनचा घुमट आतून ४३.३ मीटर रुंद आणि जमिनीपासून वरच्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच. सम्राट हेड्रियनच्या काळातलं, इ.स. १२५ च्या आसपासचं काम. लोखंडाची एक सळई नाही! आणि बिनसळईचा एवढा मोठा काँक्रीटचा घुमट जगात आजही दुसरा नाही. तळाला जवळपास सहा मीटर जाड, वरती जेमतेम सव्वा मीटर. खाली काँक्रीटमध्ये जड दगड, वर जाताना हलका, आणि अगदी वर सच्छिद्र प्युमिस. मधल्या भोकातून पाऊस आत पडतो, म्हणून फरशीला उतार आणि निचऱ्याची भोकं. हे सगळं आपण थिअरीत शिकतो. मग ते प्रत्यक्षात बघायला वीस मिनिटं?

आता कलेकडे वळू. "चित्रं बघून आपण काय करणार?" असं आमचा मेकॅनिकलवाला म्हणाला. पण फ्रेस्को म्हणजे तरी काय? ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग द्यायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो आणि रंग भिंतीचाच भाग बनतो. म्हणजे गिलावा वाळायच्या आत त्या दिवसाचा तुकडा संपवायलाच हवा, खाडाखोड नाही. सिस्टीन चॅपेलचं छत मायकेलँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं परांचीवर उभं राहून असंच तुकड्या-तुकड्याने रंगवलं. एवढं कळलं की मान वर करून बघण्यातली मजा वेगळीच असणार.

शेवटी फ्लॉरेन्स. तिथल्या कॅथेड्रलचा घुमट बांधणारा ब्रुनेलेस्की मूळचा सोनार. जुने चरित्रकार सांगतात, की तो मित्र दोनातेल्लोबरोबर रोमला जाऊन अवशेषांची मापं घेत बसायचा आणि लोकांना वाटायचं ही दोघं पुरलेलं धन शोधतायत! पुढे १४२० ते १४३६ मध्ये त्याने जमिनीपासून सेंटरिंग न लावता तो घुमट उभा केला. आज ४६३ पायऱ्या चढून, घुमटाच्या दोन कवचांच्या मधून वर जाता येतं. म्हणजे नेपल्स, रोम, फ्लॉरेन्स हा क्रम सिलॅबससारखा आहे. आधी राख, मग काँक्रीट, मग ते बघून शिकलेला माणूस.

सिव्हिलवाल्याने पिसा मात्र वाचवलं. मनोऱ्याला हात लावून फोटो काढण्यासाठी नाही. १९९० मध्ये मनोरा बंद केला, उंच बाजूच्या खालची माती थोडी थोडी काढून कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी केला आणि २००१ मध्ये तो पुन्हा उघडला, हे त्याने सॉइल मेकॅनिक्सच्या वहीत आकृती काढून दाखवलं. फ्लॉरेन्सहून अर्ध्या दिवसात होतं. मंजूर!

काही गोष्टी आधीच बघून ठेवा. फ्लॉरेन्सची उफित्सी आणि 'डेव्हिड' असलेली अकादेमिया सोमवारी बंद. व्हॅटिकनची म्युझियम रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. पॉम्पेईत २०२४ पासून दिवसाला २० हजार माणसांची मर्यादा आहे. सरकारी म्युझियममध्ये २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांना मिळणारी सवलत युरोपियन युनियनच्या नागरिकांसाठी आहे, आपलं आयकार्ड तिथे चालणार नाही. शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. आणि रोममध्ये पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ वाहत असतात.

"एवढ्या लांब जाऊन व्हेनिस नाही बघितलं?" असं घरचे, शेजारचे विचारणारच. विचारू देत. पैसा आपला, सुट्टी आपली. वीस मिनिटांत बघितलेलं पँथिऑन तरी बघितलं असं कोणत्या तोंडाने सांगणार?

नवी शीट लागली आहे. नेपल्स दोन दिवस, रोम चार, फ्लॉरेन्स चार, पिसा त्यातच. राहायची ठिकाणं तीन. चौथ्या गड्याने पुन्हा मोबाईल काढला, बराच वेळ आकडे मारले आणि म्हणाला, "सहा महिने उशिरा गेलो, तर जमेल."

सहा महिने थांबायला आमची काहीच हरकत नाही. तोवर वाचन तरी होईल!