फुटबॉलचे मैदान आणि आपली मुले

कोल्हापुरात फुटबॉल पेठांच्या नावाने खेळला जातो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे शहरातील लहान पोरासही पाठ असतात. ज्या तालमींनी मल्ल घडविले त्यांतल्याच अनेकींनी पुढे फुटबॉलचे संघ उभे केले, आणि शाहू स्टेडियमवर त्यांची झुंज लागली की सारे शहर दोन तट पाडून बसते. या व्यवस्थेचे गुण मी जाणतो. हातावर पोट असलेल्या घरातील मुलालाही बूट मिळतात ते तालमीच्या बळावर. परंतु ज्या मुलाच्या वस्तीला तालीमच नाही, ज्याचा बाप वा आजा कोणत्याही तालमीच्या कट्ट्यावर कधी बसलेला नाही, त्याने संघात शिरावे कोठून?

गेल्या मोसमाच्या आरंभी शहराच्या कडेच्या एका वस्तीतील गृहस्थ माझ्याकडे सल्ल्यासाठी आले. त्यांनी सहकुटुंब धम्मदीक्षा घेतली त्यास तीन वर्षे झाली आहेत. मुलगा सतरा वर्षांचा, डावखुऱ्या पायाचा, विंगेवर खेळणारा. एका संघाच्या सरावास तो आठ दिवस गेला. सात दिवस कडेला उभा राहून बाहेर गेलेले चेंडू आणून दिले. आठव्या दिवशी त्यास दहा मिनिटे आत घेतले, तेही बचावफळीत, जेथे तो जन्मात खेळला नव्हता. मग यादी लागली व तीत त्याचे नाव नव्हते. वडिलांनी मला विचारले, “वकीलसाहेब, यावर ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल होतो काय?”

मी नाही म्हणालो. कोणी जातिवाचक शब्द उच्चारला नव्हता, मैदानावर येण्यास मज्जाव केला नव्हता. नवख्या खेळाडूस डावलणे हा गुन्हा नव्हे, आणि पुराव्यावाचून दिलेली फिर्याद पुढच्या खऱ्या फिर्यादीचे वजन घटविते. तथापि मुलास पहिल्या दिवशी काय विचारले, हे मी त्यांच्याकडून काढून घेतले. “कुठला तू? कुणाचा तू?” एवढेच. हा प्रश्न कोल्हापुरात सर्वांना विचारतात, पुष्कळदा आपुलकीनेही विचारतात. परंतु त्याच्या उत्तरावर काही मुलांसाठी दार उघडते आणि काहींसाठी लोटले जाते, हे सांगावयास कायद्याच्या पुस्तकाची जरूर नाही.

आपल्या वाचकांपैकी कितीजणांच्या घरात पालवणकर बाळू यांचे नाव निघते? चर्मकार कुटुंबातील हा गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करीत करीत तयार झाला. हिंदूंच्या क्लबास विजय हवा होता म्हणून त्यांनी त्यास संघात घेतले, पण चहाच्या वेळी त्याचा चहा पॅव्हिलियनबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यातून दिला जाई. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूंनी ११४ बळी घेतले. इतके करूनही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे कधी सोपविले गेले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना लाभले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे केले, व ते पराभूत झाले. ज्यांनी चहा बाहेर दिला त्यांच्या वारसांना मतपत्रिकेवर मात्र बाळूंचे नाव हवेसे वाटले, याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे.

बाळूंच्या काळी त्यांच्या पाठीशी संविधान नव्हते. आज आहे, पण ते कोठवर पोचते हे नीट समजून घेतले पाहिजे. अनुच्छेद १६ शासकीय नोकरीपुरता आहे. खाजगी क्लबाने अमक्यास घ्यावे असा आदेश त्यावरून मिळणार नाही. अनुच्छेद १५(२) मात्र शासनाप्रमाणेच प्रत्येक नागरिकासही बांधून टाकतो : सरकारी पैशाने राखलेल्या सार्वजनिक जागेच्या वापरास जातीच्या वा धर्माच्या कारणाने कोणीही आडकाठी करू शकत नाही. महापालिकेचे मैदान अशीच जागा होय. क्रीडा संघटनांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली झी टेलिफिल्म्सच्या प्रकरणात क्रिकेट मंडळ ‘राज्य’ नव्हे असे ठरविले, परंतु सार्वजनिक कर्तव्य बजावणाऱ्या अशा संस्थेविरुद्ध अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते हेही त्याच निकालात सांगितले. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले, आणि ते अंतर मिटले.

व्यावसायिक क्लबाचे बोलावणे आले तर आनंदाच्या भरात वडील समोर येईल त्या कागदावर सही करतात. मुलगा अठरा वर्षांच्या आतील असेल तर त्याने केलेला करार प्रिव्ही कौन्सिलच्या १९०३ च्या निर्णयापासून मुळातच रद्दबातल समजला जातो. हे संरक्षण आहे असे वाटते, पण त्याची दुसरी धार मुलावरच चालते. राज राणी विरुद्ध प्रेम अदीब या खटल्यात वडिलांनी अल्पवयीन मुलीच्या वतीने चित्रपटात काम करण्याचा करार केला होता. निर्मात्याने करार मोडल्यावर मुलीने दावा लावला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने तो करारच निरर्थक ठरविला व तिच्या पदरी काही पडले नाही. फुटबॉलच्या पोरालाही हाच न्याय लागेल. म्हणून मानधन महिन्याच्या महिन्याला हाती घ्यावे, पावती ठेवावी, आणि अठरावे वर्ष पुरे होताच नवा करार लिहून मागावा.

वाट अगदीच बंद आहे असे नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव होता. पुढे तो जमशेदपूर, हैदराबाद व ईस्ट बंगालकडून खेळला. परंतु हाच धंदा किती ठिसूळ आहे हेही आईबापांनी पाहावे. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा मोसम स्थगित झाला आणि नामांकित क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबविले. जो मुलगा दहावीनंतर शाळा सोडून केवळ चेंडूच्या भरवशावर राहील, त्याचे अशा वेळी कोण? बाबासाहेबांनी शिक्षण प्रथम सांगितले ते उगाच नव्हे. म्हणून मुलास मैदानावरून ओढून घरी आणावे असे मी म्हणणार नाही, आणि महाविद्यालयाचे नाव काढून टाकावे असे तर मुळीच नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दीक्षा घेतल्याने सवलती जातात अशी भीती नवदीक्षित कुटुंबांत अजून आढळते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांचे अनुसूचित जातीतील स्थान केंद्रीय कायद्यानेही मान्य झाले आहे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी असलेले ५ टक्के आरक्षण समांतर आहे, म्हणजे ते प्रत्येक प्रवर्गाच्या आत लागू होते. तेव्हा आपल्या मुलाने आपल्या प्रवर्गातूनच खेळाडू म्हणून अर्ज करावा. प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा उपसंचालकांकडे होते आणि तेथे जुना कागद नसेल तर गोलांच्या आठवणी उपयोगी पडत नाहीत.

काही तरुण म्हणतात, आपण बौद्धांचा निराळा संघ काढू. मला ते पटत नाही. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन असे धर्मवार संघ मुंबईच्या क्रिकेटने पुष्कळ वर्षे पाहिले, आणि त्यातील हिंदूंच्या संघात बाळूंचे काय झाले ते वर सांगितलेच. वस्तीचा संघ अवश्य काढावा. त्याचे दार सर्वांस उघडे असावे. जयंतीच्या ध्वनिक्षेपकांवर होणाऱ्या खर्चातील थोडा भाग विहार समितीने बुटांकडे वळविला तर कोणाची श्रद्धा कमी होणार नाही.

त्याबरोबरच, मोसमाच्या नोंदणीपूर्वी खुली निवड चाचणी व्हावी, तिची तारीख वृत्तपत्रांतून जाहीर व्हावी, आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव व त्याची खेळण्याची जागा वहीत लिहिली जावी, आणि त्यास त्याच जागेवर खेळवून पाहावे, असा अर्ज प्रत्येक वस्तीने क्रीडा संघटनेकडे द्यावा व त्याची पोच घ्यावी. असा अर्ज लिहिण्यास वकील लागत नाही. लागलाच, तर या कामाची फी मी घेत नाही.