बाईंचा रविवार

मुलीसाठी नोकरी पाहावी तर शिक्षिकेची, असे आपल्याकडे दोन पिढ्या तरी मानले गेले आहे. वधू-वर सूचक मंडळाच्या वहीत ‘शिक्षिका’ हा शब्द आला की स्थळाचे वजन वाढते. कारणे सर्वांना पाठ आहेत : शाळा लवकर सुटते, रविवारी सुट्टी, दिवाळी घरी, मे महिना घरी; म्हणजे पगारही येईल आणि पोळ्याही होतील. या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे. बाईचा वर्गाबाहेरचा वेळ हा मोकळा वेळ असून तो घराच्या मालकीचा आहे, हे ते गृहीत. गंमत अशी, की सरकारही हेच धरून चालते. फक्त त्याच्या लेखी हा वेळ सरकारच्या मालकीचा असतो.

मी उमेदीची वर्षे बँकेत काढली. तिथे संध्याकाळी कॅश टॅली झाली, तिजोरीच्या दोन चाव्या दोघांच्या खिशात गेल्या, की दिवस मिटला. ज्या रकमेचे खाते सापडत नाही ती ‘सस्पेन्स’मध्ये टाकतात, पण तीही फार दिवस तिथे राहू देत नाहीत, तपासनीस येऊन जाब विचारतो. शिक्षिकेच्या दिवसातले कितीतरी तास वर्षानुवर्षे सस्पेन्स खात्यात पडून आहेत. त्यांचा जाब विचारायला कोणीही येत नाही.

वास्तविक कायद्याने हा हिशेब मांडून ठेवला आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचा आठवडा किमान ४५ तासांचा सांगितला आहे, आणि त्यात तयारीचे तास धरलेले आहेत. सहा दिवसांनी भागले तर रोजचे साडेसात तास. सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन हवे. म्हणजे रोज साधारण साडेचार तास. उरलेले तीन तास पाठाची तयारी, वह्या आणि मागे पडलेले मूल यांच्यासाठी आहेत. कायदा करणाऱ्यांनी तयारीला काम मानले, ही मोठीच गोष्ट होती.

प्रत्यक्षात या तीन तासांचे काय होते? जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत ना कारकून, ना शिपाई. पोषण आहाराचा तांदूळ किती उरला, आज किती मुले जेवली, कोणाच्या आधारमधले नाव दाखल्याशी जुळत नाही, कोणाचे बँक खाते शिष्यवृत्तीला जोडलेले नाही, हे सारे बाईंनीच पाहायचे आणि मोबाईलवर भरायचे. ‘आजच्या आज माहिती पाठवा’ असा निरोप शाळा सुटल्यावरही येतो. त्यामुळे तयारी घरी जाते. वह्यांचा गठ्ठा स्वयंपाकघरात येतो आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत तपासला जातो.

हा बोजा गुरुजींवरही असतोच. फरक पडतो तो घराच्या उंबऱ्यात. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते, पुरुष ८८ मिनिटे. हे आकडे सर्व स्त्रियांचे आहेत, केवळ शिक्षिकांचे नव्हेत. पण शिक्षिकेचे घर काही वेगळ्या मातीचे नसते. २०२४-२५च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या शिक्षकांत निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, स्त्रिया आहेत. तेव्हा हा प्रश्न आता थोड्या जणींच्या सोयी-गैरसोयीचा राहिलेला नाही.

शिक्षकांना निवडणुकीच्या कामाला जुंपण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली निकाल दिला. मुलांचे तास बुडू नयेत म्हणून हे काम सुट्टीच्या आणि बिनशिकवणीच्या दिवशी द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. मुलांच्या बाजूने पाहिले तर निकाल रास्तच. पण शिकवणीचा दिवस वाचवण्यासाठी जो दिवस खर्ची पडला, तो बाईंचा रविवार होता. त्या एका दिवसात तिचे दळण, दुखण्याची तपासणी, सासूबाईंचा दवाखाना आणि जमली तर दुपारची झोप असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय घेतला, तोही मुलांच्या झोपेचा विचार करून. बाईंच्या झोपेचा विषय तेव्हाही निघाला नाही.

त्याच २०२४ सालाकडे पाहा. जानेवारीच्या अखेरीस मागासवर्ग आयोगाचे घरोघर सर्वेक्षण, एप्रिल-मे महिन्यांत लोकसभा, नोव्हेंबरात विधानसभा. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका एवढ्यांनाच वाट मोकळी ठेवते. सर्वेक्षण त्या यादीत नाही, तरी प्रगणकांत शिक्षक होतेच. पुढे १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख असलेली जनगणना. भरीला सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असा निकाल दिला. पन्नाशीला टेकलेली बाई मुलाच्या बारावीबरोबर स्वतःचा अभ्यास नेमका कोणत्या तासात करणार?

यावर एक आक्षेप नेहमी येतो : वेतन आयोगाचा पगार आहे, सुट्ट्या आहेत, मग तक्रार कसली? काही जण कामचुकार असतात, हेही खरे. पण पगार वर्गातल्या कामाचा आहे, आणि तो सर्वांना सारखा मिळत नाही. २००० सालापासून नवी शिक्षिका आधी तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर राबते. विनाअनुदानित शाळांतल्या पगाराबद्दल तर न बोललेलेच बरे. २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, हे चांगलेच झाले. परंतु दोनशिक्षकी शाळेतली बाई रजेवर गेली की सगळे वर्ग दुसऱ्या बाईंच्या गळ्यात पडतात. मग रजा नियमात राहते, आणि तापलेले मूल शेजारणीकडे.

‘झेपत नसेल तर सोडावी नोकरी’, असेही सहज म्हटले जाते. मी गृहकर्जाची कागदपत्रे पाहिलेली आहेत. नवऱ्याचा धंदा वर-खाली होत असतो. हप्त्याची खात्री बाईंच्या पगारावर उभी असते. ज्या घराला तिचा वेळ हक्काचा वाटतो, ते घर तिच्याच पगारावर बांधलेले असते.

उपाय फार मोठे नाहीत. दहा-बारा शाळांच्या केंद्रामागे एक लेखनिक नेमला, तर माहिती भरण्याचे बरेचसे काम त्याच्याकडे जाईल. सुट्टीत काम घेतले तर बदली रजा द्यावी आणि ती घेता येईल असा बदली शिक्षकही द्यावा. तयारीचे तास वेळापत्रकात छापावेत. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार सुट्टीचा मिळाला. तो कोणी दयेपोटी दिला नव्हता, संघटनांनी वाटाघाटीत मिळवला. शिक्षक-संघटनांनी पगार, पेन्शन आणि बदल्यांइतक्याच जोराने तासांचा प्रश्न लावून धरायला हवा.

घरातला उपाय मात्र शासन-निर्णयाने होणार नाही. २८९ आणि ८८ मधले अंतर कमी करायला कोणता अध्यादेश काढणार? तिथे नवऱ्यानेच उठून कणीक मळायला घ्यावी लागेल. ते होईपर्यंत सोमवारी सकाळी आपल्या मुलांसमोर जी बाई उभी राहते, ती बहुधा थकलेली असते. तिच्या थकव्याची किंमत आपलीच मुले मोजत आहेत.