व्यापारी वारे

जुनी नौका दुरुस्त करावयाची म्हणजे तिच्यात अधिक शक्तीचे इंजिन बसवावयाचे, ही जगाची रीत. कच्छ-मांडवीच्या ज्या गलबतांनी केवळ शिडांच्या बळावर आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत माल पोहोचविला, त्यांच्याही पोटात अखेर इंजिन आलेच. नेदरलँड्समधील तिघा मित्रांनी मात्र उलटा मार्ग धरला.

आर्येन व्हान डर वेन, आंद्रेआस लाक्नर आणि योर्ने लांगेलान यांनी 2007 साली एक जुने लाकडी जहाज घेतले. ते 1943 मध्ये जर्मन नौदलासाठी बांधलेले होते. डेन हेल्डर बंदरात स्वयंसेवकांच्या श्रमांनी त्याची पुनर्बांधणी झाली, डोलकाठ्या उभ्या राहिल्या आणि इंजिनाला जागाच ठेवली गेली नाही. 2009 च्या अखेरीस 'त्रेस ओंब्रेस', म्हणजे 'तीन पुरुष', या नावाने ते 32 मीटर लांबीचे जहाज सागरी व्यापाराला निघाले.

लाकडी नौका इंजिनमुक्त करणे दिसते तितके सोपे नसते. ते यंत्र म्हणजे तळाशी बसलेले मोठे वजन. ते निघताच नौका पाण्यातून वर उचलली जाते आणि तिचा तोल बदलतो. म्हणून तेवढे नीरम, म्हणजे तळातील भार, मोजूनमापून योग्य जागी रचावे लागते. पंख्याच्या दांड्यासाठी मागच्या लाकडात पाडलेले भोक बुजवावे लागते. सुकाणूपुढील पोकळी लाकडाने भरावी लागते, तरच तेथून पाणी सुरळीत वाहते. तेल मुरलेल्या फळ्यांचा तर वेगळाच त्रास, कारण त्यांच्यावर रंग धरत नाही. मोबदला म्हणून पाण्यात ओढ देणारा पंखा जातो आणि यंत्राने व तेलाच्या टाक्यांनी अडविलेली जागा मालाला मोकळी होते.

आता जमाखर्च. हे जहाज सुमारे 35 टन माल नेते. आजचे दोन मोठे कंटेनर तेवढा माल सहज पोटात घेतात. जाताना कॅनरी बेटांवरून व्यापारी वाऱ्यांनी कॅरिबियन गाठायचे, येताना अझोर्सकडून पश्चिमी वाऱ्यांनी परतायचे, यात महिने जातात आणि माल पोहोचण्याची तारीख कोणालाही हातावर लिहून देता येत नाही. भाडे अर्थातच कितीतरी अधिक पडते. म्हणून वजनाला हलका आणि मोलाला भारी असा मालच येथे परवडतो: कोको, कॉफी, ऑलिव्ह तेल. मालात रमचाही मोठा वाटा असतो. ही गोष्ट अनेक वाचकांना रुचणार नाही, पण हिशेबात ती सांगितलीच पाहिजे. शिवाय शिकाऊ खलाशी प्रवासाचे पैसे भरतात, तेही उत्पन्नच.

एवढ्याने जगाची मालवाहतूक बदलणार नाही, हे कोणताही व्यापारी ओळखेल. तथापि, स्वस्त भाड्याच्या पावतीवर समुद्रात सोडलेल्या धुराची रक्कम कोठेही लिहिलेली नसते. येथे ती रक्कम ग्राहक उघडपणे भरतो आणि तरीही माल विकला जातो. ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

पण वाऱ्यालाही मर्यादा आहेत. बंदराच्या तोंडाशी तो पडला, की बिनइंजिनाच्या जहाजाला दुसऱ्या नौकेकडून ओढून घ्यावे लागते, आणि ती नौका बहुधा डिझेलवर चालणारी असते.