घरचे बोलणे, परक्याची ओसरी

कुटुंबाच्या आणि मित्रांच्या खासगी गटांसाठी नवे अ‍ॅप काढले की समाजमाध्यमांचा रोग बरा होईल, असा एक गोड समज सध्या सुशिक्षित मध्यमवर्गात पसरविला जात आहे. हे औषध नवे नाही. २०१० साली अमेरिकेत ‘पाथ’ नावाचे असेच अ‍ॅप निघाले. पन्नासांहून अधिक मित्र जोडू द्यायचे नाहीत, ही त्याची प्रतिज्ञा. २०१२ मध्ये उघडकीस आले की लोकांच्या फोनमधील नावनिशीची वही ते न विचारता उतरवून घेत होते. पुढे ते विकले गेले आणि २०१८ मध्ये दुकानाला कुलूप लागले.

व्हॉट्सअ‍ॅपची तऱ्हा तीच. जाहिरातींना थारा नाही, असे संस्थापक सांगत. २०१४ मध्ये फेसबुकने ते विकत घेतले. बोली होती १९०० कोटी डॉलरची. दोन्हीकडची खाती आपोआप जुळविता येणार नाहीत, असे तेव्हा युरोपीय आयोगाला सांगण्यात आले. ते दिशाभूल करणारे ठरले आणि २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड झाला. भारतात २०२१ च्या सक्तीच्या धोरणाबद्दल स्पर्धा आयोगाने २०२४ मध्ये २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. २०२५ मध्ये जाहिराती आल्याच!

पालीसारख्या गावी याचा अर्थ काय होतो? सुधागड तालुक्यातील कितीतरी घरांतला कर्ता मुंबई-पुण्याला पोटामागे गेलेला. अंबेला पूर आला, बल्लाळेश्वराच्या माघी उत्सवाला कोण येणार, म्हातारीच्या औषधाचे काय, हे सारे एके काळी पोस्टकार्डावर किंवा मनिऑर्डरीच्या कुपनावर लिहिले जाई. आज ते कुटुंबाच्या गटात बोलले जाते. पोस्टकार्ड उघडे होते, वाटेत कोणीही वाचू शके. पण त्यावरून कोणी माणसाचा बाजारभाव ठरवीत नसे. व्हॉट्सअ‍ॅपवरील मजकूर २०१६ पासून कुलूपबंद आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलले ही खबर मालकापाशी जमू शकते, आणि गावकीचे निम्मे राजकारण अशाच खबरीवर चालते, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

स्वदेशीचा जयघोष करणाऱ्यांनी २०२५ मध्ये ‘अरट्टई’चे ढोल वाजविले. मालक कॅलिफोर्नियाऐवजी चेन्नईचा झाला एवढ्याने भाडेकरू घरमालक होत नाही. सरकारच्या हाती द्यावे म्हणणाऱ्यांनी १८९८ चा टपाल कायदा आठवावा: टपाल अडविण्याचा अधिकार परकीय सत्तेने घेतला, आणि २०२३ च्या नव्या कायद्याने तो जपून ठेवला.

विक्रीच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपचे सुमारे ४५ कोटी वापरकर्ते होते आणि कर्मचारी जेमतेम ५५. मग एवढी किंमत कशाची? माणसांच्या नात्यांची. ती नाती ज्यांची, त्यांना दमडीही मिळाली नाही. ‘सिग्नल’ हे अ‍ॅप ना-नफा प्रतिष्ठान चालविते खरे. पण त्या प्रतिष्ठानाला २०१८ मध्ये पाच कोटी डॉलर दिले ते व्हॉट्सअ‍ॅपच्याच एका संस्थापकाने. धनिकाच्या उपरतीवर समाजवाद्यांनी किती काळ विसंबावे?

प्रवरानगरला शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हाही हे अडाण्यांना जमणार नाही असेच म्हटले गेले. सहकाराचे पुढे सम्राटांनी काय केले, तेही विसरता येत नाही. म्हणून नवे अ‍ॅप काढू पाहणाऱ्या तरुणांना पहिल्याच भेटीत विचारावे: वर्गणी किती, सभासदाला मत आहे काय, आणि सभासदांना न विचारता हे विकता येणार नाही, असे पोटनियमांत लिहिले आहे काय?